रेडिएटरच्या पाईपात सेन्सर बसवावा का?

वाचकांचे प्रश्न, मिस्त्रींची उत्तरं

मार्च लागला की या पानाकडे येणारी पत्रं एकाच सुरात येतात: गाडी तापते. यंदाही तसंच आहे. एका पत्राचं उत्तर मी मुद्दाम लांब दिलं आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आणखी सहा-सात जणांनी विचारला आहे.

प्रश्न : माझ्याकडे २००७ सालची डिझेल गाडी आहे. गाव दर्यापूर तालुक्यात. आईला दर पंधरा दिवसांनी अमरावतीला दवाखान्यात न्यावं लागते. मागच्या मे महिन्यात खोलापूरच्या अलीकडे बॉनेटमधून एकदम वाफ निघाली. डॅशबोर्डवरचा काटा तोवर मधातच होता, म्हणून मी चालवत राहिलो. रस्त्यात एका वावरातल्या बोअरचं पाणी टाकून गाडी कशीबशी आणली. हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, काम करावं लागलं. पाणी अजून तेच चालू आहे. आता गॅरेजवाला म्हणते, वरच्या पाईपात सेन्सर टाकून वेगळा मीटर बसवून देतो. बसवू का? चांगला पाईप कापायचा म्हटलं की जीव धजत नाही.
— एक शेतकरी वाचक

उत्तर : भाऊ, बसवा. गॅरेजवाल्यानं सांगितलेली जागाही बरोबर आहे. पण पाईपाला पातं लावण्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडलो. "पाणी अजून तेच चालू आहे." आधी त्याचं बोलू.

दर्यापूर म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. आपल्या बोअरच्या पाण्यानं तुरीची डाळ शिजायला किती वेळ लागतो आणि बादलीच्या काठावर कसा पांढरा थर बसतो, हे तुमच्या घरातल्या बायांना विचारा. तेच पाणी तुम्ही दहा महिने इंजिनातून नव्वद अंशांवर फिरवत आहात. रेडिएटरच्या नळ्या चपट्या आणि अगदी बारीक असतात. मागच्या वर्षी माझ्याकडे अशाच एका गाडीचा रेडिएटर आला होता. बाहेरून धड दिसत होता. वरची टाकी काढून आत बॅटरी मारली, तर अर्ध्या नळ्यांची तोंडं खडूसारख्या पिवळट पापडीनं बुजलेली. आगपेटीची काडी घातली, ती शिरेना. त्या गाडीला सोन्याचा सेन्सर बसवला असता तरी ती तापलीच असती. शिवाय क्षाराचं पाणी ॲल्युमिनियमचं हेड आणि वॉटर पंपाची पाती कुरतडत राहतं ते वेगळंच.

म्हणून पाईप ज्या दिवशी कापायचा, त्याच दिवशी सगळं पाणी काढून टाका. गोड पाण्यानं दोन-तीनदा धुवा, बाहेर पडणारं पाणी नितळ येईपर्यंत. मग कुलंट, म्हणजे इंजिन निववायचं द्रव, भरा. बाजारात तयार मिसळलेलं मिळतं, नाहीतर घट्ट कुलंट आणि बॅटरीत टाकतो ते पाणी अर्धं-अर्धं मिसळायचं. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, मग कुलंट कशाला, असं बरेच जण विचारतात. कारण ते गंज धरू देत नाही आणि उकळी लांबवतं. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, अर्धं-अर्धं मिसळलेलं कुलंट १०७ च्या आसपास. त्यावर रेडिएटरच्या टोपणाचा दाब येतो. टोपणावर ०.९ (बार) लिहिलेलं असेल तर तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, कुलंट त्याच्याही पुढे जातं. टोपणाचं रबर फाटलं की हा सगळा फायदा गेला. तुमचं टोपण मूळ गाडीसोबतचं असेल तर तेही बदला. काढलेलं जुनं कुलंट अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्रं, वासरू चाटून जातं.

आता तुमचा काटा मधात का राहिला ते. कंपन्यांनी बसवलेले बरेच काटे मुद्दाम सुस्त ठेवलेले असतात. ८० अंश असोत की १००, काटा मध्यावरच उभा, म्हणजे चालवणारा उगाच घाबरत नाही. काटा हलायला लागतो तोवर फार उशीर झालेला असतो. तुमची चूक नव्हती. तुम्ही काट्यावर विश्वास ठेवला, आणि तो काटा तेवढं सांगण्यासाठी केलेलाच नव्हता. आकडा दाखवणारा वेगळा मीटर याच कारणासाठी मोलाचा. ८८ चे ९१ झाले, ९१ चे ९५ झाले, हे तुम्हाला वाफ निघण्याच्या कितीतरी आधी दिसतं.

पाईप कापायला भिऊ नका. यासाठी ॲल्युमिनियमची आखूड नळी मिळते, तिला सगळे अडॅप्टरच म्हणतात. दोन्ही टोकांना पाईप चढतो आणि मधल्या जाड भागात सेन्सरच्या आट्यांचं भोक असतं. ती २८ पासून ४० मिलिमीटरपर्यंत वेगवेगळ्या मापांत येते. माप पाईपाच्या आतलं घ्यायचं, बाहेरचं नाही. बाहेरून ४० दिसणारा पाईप आतून ३२ भरतो. दुकानात जाताना पाईपच काढून सोबत न्या. इंजिन आणि रेडिएटरच्या मधला वरचा पाईप निवडा, कारण इंजिनातून तापून निघालेलं पाणी त्यातून जातं. खालच्या पाईपातलं पाणी रेडिएटरमधून निवून आलेलं असतं, तिथला आकडा पाहून तुम्ही फसाल. पाईपाचा सरळ भाग पाहा, वळणावर नको, आणि पंख्यापासून चार बोटं तरी लांब. इंजिन आपल्या रबरांवर हलतं, तसा पाईपही हलतो, हे लक्षात ठेवा. अडॅप्टरच्या मधल्या उघड्या भागाएवढाच तुकडा कापून काढा. जास्त काढलात तर पाईप ताणला जाईल. काप धारदार पात्यानं, एका दमात, सरळ. पाईप दहा-बारा वर्षांचा असेल, बोटांनी दाबल्यावर चिरा दिसत असतील, तर आधी नवा पाईप आणा आणि तो कापा.

सेन्सरचं तोंड आडवं ठेवा. वरच्या बाजूनं लावला तर पाईपाच्या माथ्याला साचलेल्या हवेत तो बसतो, खालून लावला तर गाळात. आट्यांचंही एक पथ्य आहे. दोन जातीचे आटे दिसायला अगदी सारखे असतात. एकाला इंचात २७ फेरे, दुसऱ्याला २८. पहिले दोन फेरे बोटानं जातात, मग अडतात, आणि माणूस पान्यानं रेटतो. मऊ ॲल्युमिनियमचे आटे तिथंच मरतात. म्हणून सेन्सर आणि अडॅप्टर एकाच दुकानातून, एकमेकांत फिरवून पाहूनच घ्या.

आता ज्या गोष्टीवर निम्मी कामं बिघडतात ती. अर्थिंग. एका वायरीचा सेन्सर असेल तर त्याची परतीची वाट त्याच्या पितळी अंगातूनच असते. इंजिनात बसवलेल्या सेन्सरला ती आपोआप मिळते. इथं मात्र अडॅप्टरच्या दोन्ही बाजूंना रबर आहे. तो अधांतरी लोंबतो. त्याला वेगळी अर्थची वायर हवीच: अडॅप्टरपासून थेट इंजिनाच्या बोल्टला, जागा पॉलिश पेपरनं चकचकीत घासून. ती नसली तर मीटर चालतच नाही, हे तरी बरं, लगेच कळतं. वाईट तेव्हा, जेव्हा अर्थ अर्धवट लागलेली असते. या सेन्सरचा गुण असा की पाणी तापेल तसा त्याचा रोध कमी होतो. गंजलेल्या अर्थनं रोध वाढला की मीटरला वाटतं पाणी गार आहे. म्हणजे चूक होते तीसुद्धा जिवावर बेतेल अशा बाजूला. आट्यांवर टेफलॉन टेपचे चार-पाच वेढे दिले तरी हेच होतं. एखादा फेरा पुरे, तोही टोक मोकळं सोडून. दोन वायरींचा सेन्सर मिळाला तर तोच घ्या, ही कटकट राहत नाही.

मीटरला वीज चावी फिरवल्यावरच सुरू होणाऱ्या वायरीतून द्या, मधात लहान फ्यूज घाला. वायरी जाळीदार नळीतून न्या. तुमची गाडी गोठ्याशेजारी उभी राहत असेल आणि आत तुरीची पोती असतील, तर उंदरांना वायरीची चव लागायला वेळ लागत नाही.

गाडीत बसवण्याआधी चुलीवर तपासणी करा. हे काम मी प्रत्येक सेन्सरचं करतो, ग्राहक समोर असला तर त्याला दाखवून. गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळायला ठेवायचं. सेन्सर वायरीनं टांगून पाण्यात सोडायचा, बुडाला लागू द्यायचा नाही, नाहीतर तो भांड्याचा ताप सांगतो. एका वायरीचा असेल तर त्याच्या अंगाला बॅटरीच्या अर्थची एक वायर गुंडाळायची. मीटर बॅटरीला जोडायचा आणि आकडा चढताना बघत बसायचं. बुडबुडे वर फुटायला लागले की ९८-९९ दिसला पाहिजे. नव्वद दाखवला तर तो सेन्सर आणि तो मीटर एकमेकांचे नाहीत. परत करा.

बसवून झाल्यावर टोपण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, इंजिन सावकाश चालवा आणि पाईप हातानं दाबत राहा. आतली हवा गुडगुड करत निघते. पाणी खाली गेलं की भरा. रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत हे करायचं. हे सगळं थंड इंजिनापासून सुरू करायचं. तापलेल्या गाडीचं टोपण उघडायचं नाही, कितीही घाई असो. माझ्या उजव्या हातावर कोपरापर्यंत त्याची खूण आहे.

पहिले आठ दिवस मीटरकडे नुसतं पाहा आणि वहीत लिहा. सकाळी गाडी सुरू केली की बराच वेळ आकडा ४०-५० वरच रेंगाळेल. घाबरू नका. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप, बंद असतो तोवर गरम पाणी वरच्या पाईपात येतच नाही. मग एका मिनिटात आकडा उडी मारून ८० च्या वर जाईल. तो थर्मोस्टॅट उघडला. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ८८ च्या दरम्यान उघडतो. आकडा हळूहळू चढून सत्तरीतच राहत असेल तर तुमचा थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे. पंखा कितीला लागतो, रिकामी गाडी किती, पाच माणसं आणि एसी असताना किती, ४५ अंशांच्या उन्हात दुपारी किती, सगळं टिपा. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा तुमच्या कामाचा नाही. तुमची गाडी भर उन्हात ९४ वर राहत असेल तर बझर १०२ ला लावा.

आता जे सांगायचं आहे, ते माझ्या घरावर बेतलेलं आहे. २०११ चा मे. मीच बसवलेला सेन्सर, माझीच गाडी, सोबत बायको आणि बहिणीची दोन लेकरं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढत होतो. मीटर ९६, ९८. मी गिअर खाली घेतला, एसी बंद केला. थोड्या वेळानं ९१. मग ८४. मग ७६. मी बायकोला म्हटलं, बघ, वर हवा गार लागली, गाडी निवाली. पाच मिनिटांत इंजिन ठोकायला लागलं, ओढ गेली आणि जळल्याचा वास आला. खालच्या पाईपाची क्लिप सैल होऊन सगळं पाणी रस्त्यावर सांडत आलं होतं. सेन्सर रिकाम्या पाईपात नुसता लटकत होता आणि हवेचा ताप सांगत होता. आत हेड वाकत होतं तेव्हा मी आकडा उतरताना पाहून खूश होत होतो. सागाच्या झाडाखाली लेकरांना घेऊन तीन तास बसलो. तिथं मला जे कळलं ते एसटीच्या वर्कशॉपात इतकी वर्षं काढूनही कळलं नव्हतं: पाईपातला सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं बोलतो. चढावर, भर उन्हात, कारण नसताना आकडा उतरू लागला तर तो चढण्यापेक्षा मोठा धोका आहे. तिथंच थांबा.

आणखी दोन वेळा हा सेन्सर आंधळा असतो. थर्मोस्टॅट बंद अडकला तर इंजिन उकळत असतं आणि वरचा पाईप कोमटच राहतो. आणि वॉटर पंपाचा पट्टा तुटला तर पाणी फिरतच नाही, पाईपातलं पाणी आहे तिथं उभं राहतं. बऱ्याच जुन्या इंजिनांत तोच पट्टा अल्टरनेटर फिरवतो, म्हणून बॅटरीचा लाल दिवा लागला की चार्जिंगचं नंतर बघू म्हणून पुढे जाऊ नका. म्हणूनच गाडीचा मूळ सेन्सर आणि लाल दिवा काढू देऊ नका. काही जण म्हणतील, जुना सेन्सर काढून तिथंच नवा लावतो, पाईप कापायला नको. मी नाही म्हणेन. तुम्हाला दोन साक्षीदार हवेत. हात थोडा सैल सोडता आला तर हेडच्या एखाद्या बोल्टखाली बसणारा, धातूचा ताप सांगणारा सेन्सरही मिळतो. पाणी पूर्ण गेलं तरी तो खरं सांगतो. आईला घेऊन जाता म्हणून सांगतो, माझ्या आजच्या गाडीत दोन्ही आहेत.

रस्त्यात आकडा तुमच्या नेहमीच्या दहा अंश वर गेला तर: एसी बंद, खिडक्या उघड्या, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. आत भट्टी होईल, पण हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाचा ताप बाहेर ओढतो. आईला मागच्या खिडकीशी ओला दुपट्टा देऊन बसवा. आकडा उतरत नसेल तर सावलीत थांबा. वाफ दिसली किंवा पाणी गळताना दिसलं तर इंजिन ताबडतोब बंद. पाऊण तास काहीही करायचं नाही. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं की हेडला चीर जाते. आणि डिक्कीत पाच लिटरचा गोड पाण्याचा कॅन ठेवा, म्हणजे पुन्हा वावरातल्या बोअरवर जायची वेळ येणार नाही.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यात शिक्षिका आहे. २०१६ ची पेट्रोल गाडी रोज साठ किलोमीटर चालवते. गाडीत काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा. मलाही पाईप कापून सेन्सर बसवावा लागेल का?
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, नाही. तुमच्या गाडीत सेन्सर आहे आणि त्याचा आकडा गाडीच्या कॉम्प्युटरला सतत कळत असतो, फक्त तुम्हाला दाखवत नाहीत. २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टीअरिंगखाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा डबा मिळतो. मोबाईलवर ॲप घेतलं की कुलंटचा आकडा समोर येतो. पाईप शाबूत, अर्थिंगची भानगड नाही. मोबाईल स्टँडवर ठेवा, हातात घेऊन बघू नका. गाडी उभी करताना डबा काढून ठेवा, काही डबे रात्रभर बॅटरी खातात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हाही सेन्सर पाण्यातलाच आहे, म्हणून घाटातली माझी हकिकत तुम्हालाही लागू आहे. आणि हा सेन्सर बिघडला तर कॉम्प्युटर आपल्या मनानं एक ठरावीक आकडा धरून इंजिन चालवतो. आकडा तासभर जराही हलला नाही आणि पंखा सारखा फिरतच राहिला तर तो आकडा खरा समजू नका, गाडी दाखवून आणा. लाल दिवा लागला तर शाळेला उशीर झाला तरी चालेल, गाडी तिथंच थांबवा. निळा दिवा म्हणजे इंजिन अजून गार आहे, तो विझेपर्यंत गाडी दामटू नका, एवढंच.

प्रश्न : आमच्या इथले मिस्त्री उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकतात. म्हणतात, "पाणी मोकळं फिरलं पायजे." सेन्सर बसवण्यापेक्षा हेच सोपं नाही का?
— एक काळी-पिवळीवाले, यवतमाळ जिल्हा

उत्तर : दादा, हे मी कित्येक वर्षं ऐकत आलो आहे, आणि जुन्या इंजिनांवर मीही सुरुवातीला केलं आहे. आता करत नाही, कोणाला करू देत नाही. थर्मोस्टॅट काढला की इंजिन सकाळी तासभर गारच राहतं. गार इंजिन डिझेल जास्त पितं आणि रिंगा लवकर झिजतात. ज्यांच्या गाडीत दहा माणसं आणि दिवसाला सहा फेऱ्या, त्यांना हे परवडत नाही. त्याहून मोठं कारण पुढे आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरची वाट उघडते तेव्हा ती चकती बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडेच जातं. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायम उघडा. गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत फिरतो. मे महिन्यात भरल्या गाडीला चढावर याच कारणानं जास्त ताप येतो, आणि मिस्त्री म्हणतो रेडिएटर खराब.

जुना थर्मोस्टॅट फेकण्याआधी गंजातल्या पाण्यात सोडून बघा. ८२ ते ८८ ला तोंड उघडायला लागला आणि उकळीला पूर्ण उघडला तर तो निर्दोष आहे. दोष दुसरीकडे शोधा: पंख्याचा पट्टा, टोपण आणि रेडिएटरची जाळी. दिवाळीनंतर तुमच्या भागात कापसाचे ट्रक चालतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस उडतो. तो जाळीत जाऊन बसतो, त्यावर धूळ, त्यावर किडे. समोरून जाळी साफ दिसते कारण कापूस एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधात अडकलेला असतो. दोन्ही वेगळे करून आतून बाहेर, इंजिनाकडून समोर, कमी दाबाच्या पाण्यानं धुवा. वॉशिंगच्या मशीनचा फवारा जवळून मारला तर पत्र्याच्या पाकळ्या झोपतात, त्या पुन्हा उभ्या करायला दिवस जातो.

प्रश्न : अडॅप्टर न घेता पाईपालाच भोक पाडून, सेन्सर घालून, वरून सील लावलं तर? ट्रॅक्टरसाठी विचारतो.
— एक वाचक, मूर्तिजापूर तालुका

उत्तर : नाही. गरम पाईप फुगतो, निवल्यावर आकसतो, आणि सील त्याच्यासोबत फुगत नाही. आत तापलेलं पाणी दाबाखाली आहे आणि ट्रॅक्टरवर ते तुमच्या पायाच्या दिशेनं उडेल. अडॅप्टर नसेल मिळत तर लेथवाल्याकडे पाईप घेऊन जा. तो पितळेच्या नळीला मधात जाड कडं ठेवून आटे पाडून देईल, दोन्ही टोकांना किंचित उंचवटा ठेवायला सांगा, म्हणजे क्लिपखालून पाईप सरकत नाही. दोन बाजूंना दोन चांगल्या क्लिपा, आणि पहिल्या दिवशी गरम होऊन निवल्यावर त्या पुन्हा एकदा आवळा.

मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या जाळीवर सोयाबीनचा भुसा गोधडीसारखा बसतो. थ्रेशर चालू असताना दर दोन तासांनी थांबवून जाळी झटका. तुमच्याकडे मीटर आला की हे तुम्हाला आकड्यावरच दिसेल: जाळी झटकली की पाच-सात अंश उतरतील.